रूनक्वेस्ट नऊ महिने खेळल्यावर: देव टेबलावर येतात तेव्हा

गेल्या दिवाळीनंतर आम्ही पाच जणांनी रूनक्वेस्ट खेळायला घेतलं. टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने आपापलं एक पात्र (कॅरेक्टर) जगायचं, असा हा खेळ. एक शनिवार सोडून एक, संध्याकाळी पाचपासून जेवणाच्या वेळेपर्यंत. मधे परीक्षा, लग्नं, आजारपणं आली तरी सतरा सेशन झाली. त्याआधी चार वर्षं याच मंडळींबरोबर याच प्रकारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळले. दोन्हीकडे जीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारी, मीच.

आधीच्या कॅम्पेनमध्ये (सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीत) आमच्या क्लेरिकचा, म्हणजे देवाकडून मंत्र मिळवणाऱ्या पुजाऱ्याचा, देव कोण, हे दोन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. कॅरेक्टरच्या शीटवर नाव लिहिलेलं होतं, तेवढंच. रात्रभर विश्रांती घेतली की सकाळी सगळे मंत्र परत हजर. डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी १९८० साली आलेल्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात तर देवांनाही हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसून मरतील तो आकडा, दिलेले होते, आणि त्यात आपल्या पुराणांतल्या देवांचं एक प्रकरणही होतं. देव म्हणजे फार मोठा राक्षस, इतकंच त्यातून हाती लागायचं. मला ते कायम खटकत आलंय.

रूनक्वेस्ट पहिल्यांदा आलं १९७८ मध्ये, केऑसियम या प्रकाशन कंपनीकडून. आम्ही खेळतो ती २०१८ची आवृत्ती. ग्लोरांथा हे तिचं जग ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९६६ पासून रचत आणलेलं. शामानिक, म्हणजे आत्म्यांशी संपर्क साधणाऱ्या, साधनेत ते स्वतः मुरलेले होते. त्यांचं निधनही २०१८ मध्येच झालं. देवांकडे आतून पाहणाऱ्या माणसाने हे लिहिलंय, हे पुस्तक वाचताना पानोपानी जाणवतं.

इथे क्लेरिक नावाचा वेगळा वर्गच नाही. शेतकरी, मेंढपाळ, व्यापारी, योद्धा, जो तो कुठल्या ना कुठल्या पंथात दीक्षा घेतलेला. देवाकडून मंत्र हवे असतील तर आपल्या अंगची ‘पॉवर’ कायमची अर्पण करायची, त्याचे रून पॉइंट मिळतात, आणि मंत्र टाकताना ते खर्च होतात. ते वापरून संपले की झोपून परत येत नाहीत. पंथाच्या पवित्र दिवशी पूजा करायची, फासा टाकायचा, मग भरतात. साधा वार असेल तर थोडे, वर्षाचा मोठा सण असेल तर भरपूर. शिवाय कमाईचा दहावा हिस्सा देवळाला.

कागदावर हा हिशेबाचा त्रास वाटतो. आम्हालाही पहिली तीन सेशन तसंच वाटलं. चौथ्या सेशनला आमची टोळी डोंगरात अडकली, ओरलांथच्या पंथातल्या गड्याचा (आमचा ओरलांथवाला) एकच पॉइंट उरलेला, आणि कोणीतरी सहज विचारलं, “आज वार कुठला?” ओरलांथ वादळाचा देव, त्याचा वार विंड्सडे. मी कॅलेंडर काढलं. सात दिवसांचा आठवडा, आठ आठवड्यांचा एक ऋतू, असे पाच ऋतू, आणि वर्षाच्या शेवटी दोन आठवड्यांचा पवित्र काळ. विंड्सडेला दोन दिवस होते. ते दोन दिवस लपून काढायचे, की तसंच पुढे जायचं? यावर चाळीस मिनिटं वाद झाला. त्या दिवसापासून प्रत्येक सेशनची सुरुवात वार विचारूनच होते.

आता हुमाक्टबद्दल. तो मृत्यूचा आणि तलवारीचा देव. वर देतो, पण प्रत्येक वराबरोबर एक पथ्य येतं. माझ्या मावसभावाने तलवारीसाठी वर घेतला आणि पथ्य घेतलं: दबा धरून कधीही हल्ला करायचा नाही. अकराव्या सेशनला सगळ्यांनी घळीत लपून शत्रूच्या, चंद्रसाम्राज्याच्या, तुकडीवर झडप घालायचं ठरवलं. तो म्हणाला, “तुम्ही लपा, मी रस्त्यावर उभा राहतो.” आणि राहिला. भाला पोटात लागला, त्याचं कॅरेक्टर गेलं. आमच्यात चालाना अरॉय या उपचाराच्या देवीची वैद्यही आहे, कोणाला इजा न करण्याची शपथ घेतलेली. मेलेल्याला उठवायचा तीन पॉइंटचा मंत्र तिच्याकडे शिल्लक होता. पण हुमाक्टच्या माणसाला परत आणता येत नाही, त्याचा देवच ते नाकारतो. ती मैत्रीण हातात फासे धरून बसली होती. “मग मी आता करू काय?” मी म्हटलं, “अंग पुसून दे. तलवार हातात ठेव.” टेबलावर कितीतरी वेळ कोणी बोललं नाही. चार वर्षांच्या जुन्या कॅम्पेनमध्ये पाच वेळा कॅरेक्टर मेली होती, एकदाही असं झालं नव्हतं.

ग्लोरांथाच्या पुराणात ओरलांथ सूर्यसम्राट येल्मला मारतो. जग अंधारात बुडतं. मग आपली चूक कबूल करून तो सोबत्यांसह पाताळात उतरतो, येल्मपुढे उभा राहतो, आणि त्यातून जो तह होतो त्याने काळ सुरू होतो. त्या तहामुळे देव बांधले गेले. काळाच्या आत त्यांना मनाप्रमाणे हात घालता येत नाही, ते फक्त माणसांमार्फत वागू शकतात. जीएम म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. “देव इतके बलवान, मग ते स्वतःच का नाही येत?” या प्रश्नाला पूर्वी मी दर वेळी काहीतरी जुळवून उत्तर द्यायचे. इथे सगळी पुराणकथाच ते उत्तर आहे.

त्रास कमी नाहीत. कॅरेक्टर बनवायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली, आजोबांपासूनचा इतिहास फाशांवर काढायचा असतो. लढाईतलं स्ट्राइक रँकचं (कोणाचा वार आधी, याचं) गणित मला अजून पाठ झालेलं नाही. मुख्य पुस्तकात एकेका पंथाला जागा अगदी थोडी. नीट वाचायचं तर २०२३ पासून निघालेली ‘कल्ट्स ऑफ रूनक्वेस्ट’ मालिका वेगळी घ्यावी लागते. नव्या खेळाडूपुढे एकदम वीस देवांची नावं टाकू नका. तीन सांगा, त्यातून निवडू द्या.

मागच्या शनिवारी ओरलांथवाला कड्यावरून पडत होता. पॉइंट शून्य. त्याने देवाचा धावा केला. नियम असा: शंभराचा फासा आपल्या पॉवरइतका किंवा त्याखाली पडला पाहिजे, आणि जितका आकडा येईल तितकी पॉवर कायमची जाते. त्याची पॉवर तेरा. फासा पडला नऊ. वाऱ्याने त्याला उचलून खाली ठेवलं. त्याने खोडरबर घेतलं, तेराचा आकडा पुसला, तिथे चार लिहिले, आणि विचारलं, “विंड्सडे कधी आहे?”