टायटॅनियमची बॅटरी घ्यावी की ॲल्युमिनियमची?

भाच्याने दोन फोटो पाठवलेत. एकाच कंपनीची, एकाच मापाची, ट्रिपल ए सेलवर चालणारी खिशातली टॉर्च. एक काळ्या ॲल्युमिनियमची, दुसरी करड्या टायटॅनियमची आणि जवळपास दुप्पट किमतीची. खाली एवढंच: "मामा, कुठली?" माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही खोलून झाल्यात, म्हणून जरा सविस्तर. (आमच्या बडोद्याच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. इथेही तसंच समजा.)

टायटॅनियम हलकं असतं, हे स्टीलशी तुलना केली तर खरं. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि ग्रेड ५ (बॅटऱ्यांत वापरतात तो मिश्रधातू) टायटॅनियमची ४.४, म्हणजे त्याच मापाची नळी दीडपटीहून जड. करंगळीएवढ्या बॅटरीत हे खिशाला कळत नाही. हाताला कळतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं.

खरी मेख उष्णतेत आहे. एलईडीची उष्णता बाहेर नेण्याचं काम बॅटरीचं अंगच करतं. ६०६१ या नेहमीच्या मिश्रधातूच्या ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता १६७ च्या आसपास, ग्रेड ५ टायटॅनियमची जेमतेम ७. उकळत्या वरणात स्टीलचा डाव राहिला तरी त्याचा दांडा धरता येतो, ॲल्युमिनियमचा धरून बघा. टायटॅनियमची गंमत तशीच: डोकं तापतं, शेपूट गार. हाताला चटका बसत नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि आत एलईडी भाजत असते. त्यामुळे टायटॅनियममध्ये १०४४० हा लिथियम सेल घालून उजेड वाढवायचा मोह टाळावा. तो ट्रिपल ए च्याच मापाचा असतो, पण ३.७ व्होल्टचा, आणि पूर्ण चार्ज झाला की ४.२. सर्किट तेवढं सोसणारं नसेल तर पहिल्याच दिवशी धूर.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि लाइट गेली, तेव्हा घरातल्या बॅटऱ्यांची परीक्षा झाली. घरात वावरायला, आईच्या गोळ्यांचं पाकीट वाचायला टायटॅनियमवाली पुरली. पण मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या येत होत्या आणि वरच्या मजल्यावरच्या बेनना फाटकापाशी काहीतरी हललेलं दिसलं. तिथवर झोत टाकायला जाडजूड, डबल ए मापाची तिसरी बॅटरी, तीही ॲल्युमिनियमचीच, काढावी लागली. (फाटकापाशी प्लास्टिकचा पिंप होता.) पूर, शेत, गच्चीची टाकी असली कामं असतील तर टायटॅनियमचा विचारही करू नका.

चालू-बंद करायला डोकं पिळायचं असेल तर ॲल्युमिनियमचे आटे गुळगुळीत फिरतात. टायटॅनियमचे किर्र करतात आणि कोरडे राहिले तर एकमेकांना चावतात. दर महिन्या-दोन महिन्यांनी सिलिकॉन ग्रीसचा ठिपका लावा. ओरखड्यांत मात्र टायटॅनियम जिंकतं. काळा रंग कडांवरून उडाला की उडाला. टायटॅनियमवर भांड्यांची हिरवी घासणी एकाच दिशेने फिरवली की अंग पुन्हा नव्यासारखं.

आता फेरफार. पैसे कुठे घालायचे असं विचाराल, तर धातूत नाही, एलईडीत. स्वस्त बॅटरीत बहुधा ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) निळसर पांढरी एलईडी असते. त्या उजेडात मीटरपेटीतली काळी आणि गडद निळी वायर मला ओळखू येईना. तिच्याजागी निचिया या जपानी कंपनीची ५१९ए ही एलईडी, ४५०० केल्विनची बसवली. उजेड थोडा कमी झाला, पण वायर वायरीसारखी दिसायला लागली आणि हळद हळदीसारखी. डोक्याचे आटे चिकटवलेले होते, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून रबराच्या तुकड्याने धरून सोडवले. एलईडीची चकती उलट्या ठेवलेल्या इस्त्रीवर तापवली. कथील चमकून पातळ झालं की चिमट्याने जुनी उचलायची, नवी ठेवायची. ती आपोआप जागेवर सरकते. अधिक-उणे आधी बघून घ्या. मी बघितलं नव्हतं, म्हणून हा सोहळा दोनदा झाला. हे काम दोन्ही धातूंत सारखंच.

फक्त टायटॅनियममध्येच होतं ते रंगाचं काम. नऊ व्होल्टचे तीन सेल एकाला एक जोडले, धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवला, उणे टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल, अधिक टोकाला बॅटरीची रिकामी नळी. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. बघता बघता करडी नळी पिवळसर, जांभळी आणि मग मोरपिशी निळी. हा रंग लावलेला नसतो. वर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि उजेड त्याच्यात खेळतो. व्होल्ट बदला, रंग बदलतो. मी नळी पुसली होती, पण नंतर बोटाने धरली. अंगठ्याचा करडा ठसा अजून तसाच आहे. शिवाय निळी झालेली नळी जोडली तर बॅटरी लागेना, कारण हा थर वीज अडवतो. नळीच्या दोन्ही कडा पॉलिशपेपरवर घासल्या तेव्हा कुठे लागली.

तेव्हा भाचेबुवा, हॉस्टेलवर लाइट जाते म्हणून हवी असेल तर काळी घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगली एलईडी. रविवारची दुपार खोलण्या-जोडण्यात घालवायची असेल तर करडी. तीन नऊ-व्होल्टवाले सेल माझ्याकडे आहेत, येताना हातमोजे घेऊन या.