एक्स्टेन्शन ट्यूब, फ्लॅश आणि सलाईनचा सेट: पाच महिने थेंबांचे फोटो काढल्यावर

मे महिन्यात एक्स्टेन्शन ट्यूबचा सेट घेतला, १२, २० आणि ३६ मिमी, दोन हजारांच्या आत मिळाला, आता दसरा होऊन गेला म्हणजे अख्खा पावसाळा वापरून लिहितोय. राहायला देवगड तालुक्यात, कॅमेरा जुना कॅनन, लेन्स ५० मिमी एफ १.८. अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स परवडत नव्हती. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी, लेन्स सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यात फोटो उमटतो त्या भागापासून, लांब जाते म्हणून जवळचं फोकस होतं. १२ आणि ३६ एकत्र लावल्या की थेंब जवळजवळ आहे तेवढाच सेन्सरवर उमटतो, पण तेव्हा एफ ८ ला, म्हणजे लेन्सचं भोक लहान करूनसुद्धा, एक मिलिमीटरभर जागासुद्धा शार्प येत नाही, श्वास घेतला तरी फोकस जातो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच.

सुरुवात न्हाणीमागच्या अळवापासून केली. अळवावरचं पाणी आपण लहानपणापासून ऐकतो पण ट्यूबमधून बघितलं तेव्हा कळलं की थेंबाखाली हवा अडकलेली असते आणि तिच्यामुळेच खालून चांदीसारखी चमक येते. दोन-तीन मिमीचा थेंब छान गोल राहतो, त्याहून मोठा झाला की स्वतःच्या वजनाने चपटा होतो. आणि पानाला बोट लावू नका, मेण निघतं, मग पाणी तिथेच चिकटून बसतं, माझी कितीतरी पानं अशी गेली. शेजारची काकी रोज विचारायची, "रे झिला, दिसभर पानाकडे काय बघतंस?" तिला थेंबातून उलटी दिसणारी जास्वंद दाखवली, फूल थेंबाच्या मागे थोडं लांब धरायचं आणि फोकस पानावर नाही, थेंबातल्या फुलावर करायचं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच परडीभर फुलं घेऊन आली.

जून संपता संपता पडणारे थेंब सुरू केले. पागोळीखाली करून बघितलं, वाऱ्याने थेंब एका जागी पडतच नाही. मग मेडिकलमधून सलाईनचा साधा सेट आणला, वीस थेंबांना एक मिली पाणी पडतं आणि चाकाने वेग कमीजास्त करता येतो. तो पडवीच्या वाशाला टांगला, खाली काळं घमेलं काठोकाठ भरून ठेवलं म्हणजे फोटोत कडा येत नाही. थेंब जिथे पडतो तिथे पेन्सिल आडवी धरून मॅन्युअल फोकस करायचं. इथे फक्त १२ ची ट्यूब लावा, मोठी लावली तर लेन्स इतकी जवळ जाते की पाणी काचेवर उडतं.

सगळ्यात महत्त्वाचं फ्लॅश. चाळीस सेंटिमीटरवरून पडलेला थेंब सेकंदाला २.८ मीटरच्या वेगाने खाली पोचतो, १/२०० सेकंदाच्या शटरमध्ये तो दीड सेंटिमीटर सरकतो, म्हणून कॅमेऱ्याचा शटर कामाचा नाही. जागा अंधारी ठेवायची आणि मॅन्युअल फ्लॅश १/६४ पॉवरवर, पॉवर जितकी कमी तितका उजेडाचा झोत कमी वेळ टिकतो, तोच थेंब गोठवतो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला तोसुद्धा अशाच क्षणभराच्या उजेडावर. फ्लॅश थेंबावर मारू नका, मागच्या रंगीत चार्ट पेपरवर मारा, पाण्यात रंग उतरतो. हाताने बटण दाबून वीसातला एखादा फोटो जमतो. वर उसळलेल्या पाण्याच्या खांबावर दुसरा थेंब आपटून छत्री होते, ती पाच महिन्यांत मला चारदाच मिळाली, पण त्या चार फोटोंसाठी मी परत एवढाच वेळ देईन.

तक्रार एकच, ट्यूबचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचा भाग, प्लॅस्टिकचा आहे, ऑगस्टपासून जरा हलतो आणि मध्येच कॅमेरा लेन्स ओळखत नाही, विकणाऱ्याने बदलून दिली नाही. कॉन्टॅक्ट कोरड्या कपड्याने पुसले की चालते. आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, म्हणून काम झालं की ट्यूब, लेन्स सगळं सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर सुकवून परत, जेवणाची कढई नाही, वेगळी ठेवलीय.