बंदरावरचं घर: बिल्डरला द्यायचं, शेजाऱ्यांनी मिळून बांधायचं की दुरुस्त करायचं?

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीची मांडवी, मुरुड, रेवदंडा. यांपैकी कुठेही पेठेत घर असेल तर तुमच्या ओटीवरही कुणीतरी नकाशाची गुंडाळी घेऊन बसून गेला असेल. आळीतली आठ-दहा जुनी घरं एकत्र करायची, खाली दुकानं आणि हॉटेल, वर फ्लॅट, समुद्राकडे फिरायला जागा. मुंबईतला भाऊ म्हणतो, देऊन टाका. गावातली काकी म्हणते, मी आहे तोवर नाही. मध्ये तुम्ही.

या तिन्ही वाटा मी माझ्या घरातच पाहिल्या. रायगडातल्या एका बंदरगावात मावशीने घर बिल्डरला दिलं. मालवणात आमच्या आळीतल्या चार घरांनी मिळून बांधायचा बेत केला. तो बारगळल्यावर आम्ही आमचं घर दुरुस्त करून घेतलं. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

खाली धंदा आणि वर घर, यात पेठेला नवं काही नाही. आपल्या पूर्वजांनी ओटीवर दुकान, मागे माजघर, वर माडी आणि परसात विहीर असंच बांधलं. बोटी यायच्या तेव्हा माल धक्क्यावरून पेठेत उतरायचा. पुढे बोटी थांबल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, स्टेशनं आणि महामार्ग किनाऱ्यापासून आत राहिले आणि पेठ मागे पडली. आता पर्यटकांमुळे तिला पुन्हा भाव आलाय. म्हणून मिश्र वस्ती हवी की नको, यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. नव्या मांडणीत तळमजला कुणाच्या ताब्यात राहणार, ते पाहा. मी तिन्ही पर्याय त्याच मापाने मोजतो.

त्याआधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाला लागू होणारे केंद्राचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेनुसार शहरी हद्दीतला, आधीच बांधला गेलेला किनारा सीआरझेड-२ मध्ये येतो. तिथे नवं बांधकाम जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूलाच करता येतं. अधिकृत इमारत पाडून पुन्हा उभारता येते, पण जागेचा सध्याचा वापर न बदलता. म्हणजे नगरपालिकेच्या घरपट्टीच्या नोंदीत तुमची ओटी दुकान म्हणून लागली आहे की नाही, हे आजच पाहून ठेवण्यासारखं आहे. ग्रामीण भागात सीआरझेड-३ असतो. तिथे दाट वस्तीच्या जागी (२०११ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोक) भरतीरेषेपासून ५० मीटर, इतरत्र २०० मीटर पट्टा ना विकास क्षेत्र. नकाशा दाखवणाऱ्याला पहिल्याच बैठकीत विचारा की भरतीरेषा कुठे धरली आहे. उत्तर नसेल तर पुढची बैठक नको.

बिल्डरला दिलं तर

याचा सगळ्यात मोठा फायदा पैशाचा नाही, सुटकेचा आहे. आपल्याकडे एका घराच्या मालमत्ता पत्रकावर दहा-पंधरा नावं असतात, त्यातली निम्मी परळ-डोंबिवलीला. कौलं शाकारायचे पैसे कुणी द्यायचे, यावरून भावाभावांचं बोलणं तुटतं. बिल्डर प्रत्येकाला फ्लॅट किंवा रक्कम देऊन तो गुंता सोडवतो. म्हाताऱ्या माणसाची माडीच्या उभ्या जिन्यातून सुटका होते. आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा ज्यांनी उघड्या वाशांखाली रात्र काढली, त्यांना स्लॅबचं मोल सांगावं लागत नाही. मावशीने त्याच पावसाळ्यानंतर सही केली. तिला मी चूक म्हणणार नाही.

पण तिच्या करारात ‘तळमजल्यावर एक गाळा’ एवढंच लिहिलं होतं. मावसभाऊ ओटीवर किराणा आणि सुकी मासळी विकायचा. त्याला गाळा मिळाला तो मागच्या अंगाला, पंपाच्या खोलीला लागून. रस्त्याकडचे गाळे बाहेरच्यांना विकले गेले. सोसायटी झाल्यावर पहिल्याच सभेत ठराव झाला की आवारात मासळी सुकवायची नाही. कागदावर मावशीचं काहीच बुडालं नाही, ठरले होते तेवढे चौरस फूट मिळाले. मावसभाऊ आता दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातो.

म्हणून करारासोबत तळमजल्याचा नकाशा जोडून घ्या. त्यावर तुमचा गाळा रंगवलेला हवा आणि रस्त्याकडची रुंदी फुटांत लिहिलेली हवी. धक्क्याकडे किंवा पुळणीकडे जाणारी जुनी वहिवाटीची पाखाडी असेल, तर तीही त्या नकाशात सर्वांसाठी खुली दाखवलेली हवी. जाळी विणायला, होडी ओढून ठेवायला जागा लागत असेल तर ती आधी मागा. नंतर तिथे पार्किंगच्या रेघा पडतात.

एक गैरसमज सर्रास ऐकू येतो की ५१ टक्के राजी झाले की काम झालं. ते सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या जुलै २०१९ च्या निर्देशांत आहे, आणि नोंदणी झालेल्या गृहनिर्माण संस्थांपुरतं. वडिलोपार्जित सामाईक घराला ते लागू होत नाही. पूर्ण घर विकसनाला द्यायचं तर प्रत्येक सहहिस्सेदाराची सही लागते. महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, कवचही मिळेलच असं नाही. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण पाच गुंठे, किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि पेठेतले चिंचोळे भूखंड एकेकटे घेतले तर नेमके त्यात बसतात. नोंदणी झाली तर ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, हे चांगलंच आहे. मात्र इमारतीत हिस्सा घेणारा जागामालकही प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखाच जबाबदार, धरला जातो, तेव्हा काम रखडलं तर ग्राहक तुमच्याही दारात येऊ शकतात. वकील तुमचा स्वतःचा करा. त्याची फी बिल्डरने देऊ केली तरी घेऊ नका.

आता बांधकाम. सिमेंटचं घर समुद्राकाठी चिऱ्याच्या घरापेक्षा जास्त टिकतं, असं गृहीत धरू नका. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडायला लागतात. आयएस ४५६ हे भारतीय मानक किनाऱ्यावरच्या हवेत किमान एम-३० काँक्रीट (एम पुढचा आकडा मोठा तेवढं ते मजबूत) आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगतं. लाटांचे तुषार येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हे आकडे करारात घाला आणि स्लॅब पडायच्या दिवशी तुमचा माणूस तिथे उभा करा. पाण्याचंही विचारा. आज एक विहीर आठ घरांना पुरते. तिथे चाळीस फ्लॅट आणि एक हॉटेल आलं, उपसा वाढला, की पाणी मचूळ व्हायला वेळ लागत नाही. सांडपाणी कुठे जाणार, हे मांडवीत राहणाऱ्याला किंवा मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्याला समजावून सांगायला नको.

जोत्याची उंचीही बघा. जर्मनीत हॅम्बुर्गने जुन्या बंदराच्या सुमारे १५७ हेक्टरांवर हाफेनसिटी ही अशीच मिश्र वस्ती वसवली. तिथे नव्या इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच चौथऱ्यांवर घेतल्या, कारण वादळात एल्ब नदीचं पाणी चढतं. आपल्याकडे समुद्राकडची खिडकी दाखवून फ्लॅटचा भाव वाढवतात. उधाणाचं पाणी मात्र खिडकीत येत नाही, तळमजल्यावरच्या गाळ्यात येतं. तेव्हा गाळा तुमचा असेल तर जोतं किती उंच, हे तुम्हालाच विचारावं लागेल.

शेजाऱ्यांनी मिळून

हिशेबाने हा सर्वांत चांगला पर्याय. बिल्डरचा नफा आळीतच राहतो, गाळे कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवता, पाखाडी मोकळी ठेवता येते. शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासाचं धोरण आणलं, पण त्याचा भर गृहनिर्माण संस्थांवर आहे. सुट्या घरांना आधी भूखंडांचं एकत्रीकरण करावं लागतं, आणि त्याआधी प्रत्येक घराची वारस नोंद पुरी हवी. आमचा बेत इथेच थांबला. चारपैकी एका घरात आजोबांच्या नावानंतर फेरफारच झाला नव्हता. बँक म्हणाली, कागद आणा, मग कर्जाचं बोलू. चारही घरांचे कागद स्वच्छ असतील आणि रोज साइटवर उभं राहणारा एक निवृत्त, विश्वासाचा माणूस असेल, तरच या वाटेला जा. नुसत्या गोडीगुलाबीवर इमारत उभी राहत नाही.

दुरुस्त करून ठेवलं तर

चिऱ्याच्या भिंती आमच्या घरात शाबूत होत्या. वाळवी होती ती वाशांत आणि रिपांत. भिंतींवरचं सिमेंट प्लास्टर खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला, कारण सिमेंटखाली ओल अडकते. वादळाच्या धास्तीने कडेची कौलं तारेने बांधली, वासे भिंतीला पट्ट्यांनी जखडले. माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना अशा घरांसाठीच आहे. ओटी चुलत भावाच्या दुकानाला दिली आहे.

यात उणं पुष्कळ आहे. मे महिना आणि दिवाळी-नाताळ सोडले तर खोल्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. दर पावसाळ्याआधी खर्च ठरलेला. हिस्सेदारांचा प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला, आणि आमची मुलं तो आमच्याइतक्या मायेने सोडवतील असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तरी माझं मत विचाराल तर घरात कुणी गावात राहून धंदा करणारं असेल आणि भिंती धड असतील, तर दुरुस्त करा. घर कायम कुलूपबंद असेल, हिस्सेदार डझनावारी असतील, वाडवडिलांचं लाकूड कुजलं असेल, तर बिल्डरशी बोला, पण आळीतल्या इतर घरांना सोबत घेऊन एकत्र बोला. एकेकट्याने सह्या केल्या की शेवटच्या घराला मिळेल त्या भावाने द्यावं लागतं.

आणि सही करायच्या आधी एकदा पावसाळ्यातल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, पूर्ण भरतीच्या वेळी धक्क्यावर जा. पाणी आळीत कुठवर चढतं तिथे चिऱ्यावर गेरूने खूण करा, आणि पुढच्या बैठकीत तो नकाशा उलगडल्यावर त्यावर त्या खुणेची रेघ त्यांच्याच हाताने ओढून घ्या.