फिनिक्समध्ये वस्ती निवडताना : घरखरेदीच्या एका सेवेचे परीक्षण

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स या वाळवंटातील महानगरात, सहा वर्षांपासून भाड्याच्या घरात राहत होते. 2025 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी स्वतःचे घर घेतले आणि त्यासाठी तेथील एका महिला एजंटची मदत घेतली. शोधाच्या अकरा आठवड्यांत आम्ही उभयता नाशिकमध्ये, इंदिरानगरच्या आमच्या घरी बसून, जवळपास प्रत्येक पाहणीला व्हिडिओ कॉलवरून हजर होतो. आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांतली मुले सध्या त्याच भागात घर शोधत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. एजंट बाईंचे नाव त्यांच्या परवानगीवाचून देणे मला योग्य वाटत नाही. परंतु त्यांनी काम कसे केले हे वाचल्यावर आपल्या एजंटकडून काय मागून घ्यावे, हे वाचकांना ठरवता येईल.

आपल्याकडे दलाल पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे तो नक्की कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. तेथे खरेदीदाराचा एजंट वेगळा असू शकतो, आणि ऑगस्ट 2024 पासून घर दाखवण्यापूर्वीच त्याच्याशी लेखी करार करावा लागतो, ज्यात त्याचा मोबदला स्पष्ट नमूद केलेला असतो. करार झाल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत बाईंनी एकही घर दाखवले नाही. कामाची जागा कोठे आहे, सकाळी किती वाजता निघावे लागते आणि दुपारी घरात कोणी असते का, एवढेच त्यांनी विचारले आणि मग महानगराचा नकाशा उघडला. तेव्हाच या बाई घर विकायला नव्हे, तर वस्ती समजावून द्यायला बसल्या आहेत, असा माझा ग्रह झाला आणि तो पुढेही बदलला नाही.

मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षे नोकरी केली आहे. साहजिकच माझा पहिला प्रश्न पाण्याचा होता. फिनिक्सचा सरासरी वार्षिक पाऊस 200 मिलिमीटरहूनही कमी आहे. शहराला साल्ट आणि व्हर्डी या नद्यांवरील धरणांतून आणि सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणलेल्या कोलोरॅडो नदीतून पाणी मिळते आणि उरलेली गरज भूजलातून भागते. 1980 च्या भूजल कायद्याच्या चौकटीत तेथील नव्या वसाहतीला शंभर वर्षे पुरेल इतके पाणी असल्याची खात्री द्यावी लागते. जून 2023 मध्ये राज्याने जाहीर केले की, फिनिक्स परिसरात केवळ भूजलाच्या भरवशावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना यापुढे ही खात्री मिळणार नाही. मी विचारण्याआधीच बाईंनी हे सारे सांगितले आणि शहराच्या कडेला असलेली मोठी, नवी घरे स्वस्त का दिसतात, याचा एक भाग त्यात असल्याचे दाखवून दिले. रिओ व्हर्डी फूटहिल्स या वस्तीचे उदाहरणही त्यांनीच दिले. तेथील अनेक घरे टँकरच्या पाण्यावर अवलंबून होती आणि 1 जानेवारी 2023 पासून शेजारच्या स्कॉट्सडेल शहराने त्या टँकरना पाणी देणे थांबवले. गंगापूर धरण भरले की नाशिककर वर्षभराच्या पाण्याविषयी निश्चिंत होतो. तेथे मात्र घर कोणत्या पालिकेच्या हद्दीत येते, यावर नळाची शाश्वती ठरते. याच महानगरातील चँडलर शहराकडे नद्यांचे, कालव्याचे आणि भूजलाचे असे तिन्ही स्रोत आहेत आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते पुन्हा वापरण्याची व्यवस्थाही आहे. आमच्या यादीत चँडलर वर सरकले ते या कारणाने.

त्यानंतर दिशेचा प्रश्न आला आणि येथे आमचा बाईंशी खरा मतभेद झाला. सौभाग्यवतींचा आग्रह पूर्वाभिमुख घराचा होता. बाईंनी शांतपणे सांगितले की, तेथील घराचे तोंड पूर्वेला असेल तर मागचे अंगण, ओसरी आणि बहुतेक मोठ्या काचा पश्चिमेला येतात, आणि 2023 मध्ये सलग 31 दिवस 43 अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलेल्या शहरात पश्चिमेची काच म्हणजे विजेच्या बिलाला कायमची वाट करून देणे आहे. हे तोंडी पटत नाही असे पाहून त्यांनी पाहणीची वेळच बदलली. शनिवारी दुपारी साडेचारला त्या घरे दाखवू लागल्या. आपल्याकडे तेव्हा रविवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात, कारण ॲरिझोनाचे घड्याळ आपल्यापेक्षा बारा महिने साडेबारा तास मागे असते. मे महिन्यातील त्या उन्हात जावयाने एका पूर्वाभिमुख घराच्या मागच्या भिंतीला आतून हात लावून पाहिला आणि लगेच मागे घेतला. उत्तराभिमुख घरात मागची ओसरी दक्षिणेला येते. भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्याने छपराची सावली तिच्यावर टिकते, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की ऊन आत येते. उत्तर ही कुबेराची दिशा असल्याने सौभाग्यवतींचेही समाधान झाले. दिवसातल्या सर्वांत वाईट तासाला घर दाखवणारा एजंट मी यापूर्वी पाहिलेला नव्हता.

वस्त्यांची तुलनाही त्यांनी पुस्तकी पद्धतीने केली नाही. साउथ माउंटनच्या दक्षिण पायथ्याचा अहवाटुकी हा भाग आम्हाला फोटोंवरून फार आवडला होता. डिसेंबर 2019 मध्ये डोंगरालगतचा महामार्ग सुरू झाल्यापासून तेथील ये-जा पुष्कळ सुधारली आहे, परंतु आमच्या रकमेत बसणाऱ्या घरांचे तोंड पश्चिमेला होते. मॅरिकोपा या गावी महागणपतीचे मंदिर आहे आणि घरेही आवाक्यात होती, त्यामुळे आमचे मन तिकडे ओढले. त्यावर बाईंनी युक्तिवाद न करता जावयाला एका कामाच्या दिवशी सकाळी सहाला तेथून गाडी काढायला सांगितले. महानगराकडे येणाऱ्या 347 क्रमांकाच्या एकाच मुख्य रस्त्यावरील रांग पाहून तो विषय तेथेच संपला. गणपतीला चतुर्थीला जावे, रोज त्या रस्त्याने कामाला जाऊ नये, असे मुलीने मग आईला समजावले.

येथे आर्केडिया या जुन्या भागाविषयी चार ओळी लिहिल्यावाचून राहवत नाही, जरी तेथील किमती आमच्या पलीकडच्या होत्या. त्या भागातील अनेक अंगणांना आजही कालव्याचे पाणी ठरलेल्या पाळीने मिळते. आपली वेळ आली की घरमालक पाटाचे दार उघडतो आणि सगळे अंगण वीतभर पाण्याने भरते. हे कालवे काही ठिकाणी होहोकाम या प्राचीन लोकांनी खोदलेल्या पाटांच्या मार्गावरून जातात. बागलाणच्या मोसम खोऱ्यातील पाळीच्या पाण्याचे फड आणि पाणी सोडणारे पाटकरी पाहिलेल्या माणसाला वाळवंटातील शहरात पाण्याची पाळी दिसावी, याचा मला झालेला आनंद बाईंना कितपत कळला कोण जाणे. पण त्यांनी कॅमेरा पाच मिनिटे त्या पाण्यावर धरून ठेवला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

एका प्रसंगी मला त्यांचा राग आला होता. आपली मंडळी अधिक कोणत्या वस्तीत राहतात, असा साधा प्रश्न मी विचारला आणि त्यांनी उत्तर देण्यास नकार दिला. 1968 च्या समान गृहनिर्माण कायद्यानुसार वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवणे एजंटला निषिद्ध आहे, हे नंतर मुलीने सांगितले. शाळांविषयीही त्यांनी स्वतःचे मत दिले नाही. घर कोणत्या शाळा-जिल्ह्यात येते तेवढे सांगून निकाल कोठे पाहायचे ते दाखवले. विचार केल्यावर मला ही शिस्त आदरणीय वाटली. कोणत्या सोसायटीत कोणाला घर मिळत नाही, हे दबक्या आवाजात सांगणारे दलाल आपण सर्वांनीच ऐकले आहेत.

किंमत ठरल्यानंतरच्या दहा दिवसांच्या तपासणीच्या मुदतीत त्यांनी विक्रेत्याचे माहितीपत्रक ओळीने वाचून घेतले आणि पूरक्षेत्राचा नकाशा काढून दाखवला. वाळवंटात पुराची चौकशी कशाला, असे वाटेल. परंतु तेथेही उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मान्सून येतो आणि वर्षभर कोरडे असलेले ओहोळ तासाभरात भरून वाहतात. दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर लागले यावरून पूर मोजणाऱ्या आणि निळ्या-लाल पूररेषांचे वाद पाहिलेल्या नाशिककराला हे लगेच समजावे. भूजलाच्या अतिउपशामुळे जमिनीला पडलेल्या भेगांचा सरकारी नकाशाही त्यांनी तपासायला लावला. एके रात्री अतिनील प्रकाशाची बॅटरी घेऊन त्या कुंपणाच्या कडेने फिरल्या, कारण तेथील विंचू त्या प्रकाशात चमकतात. दोन निघाले, आणि फवारणीचा खर्च विक्रेत्याने सोसला.

उणीव एक आहे आणि ती लहान नाही. घरमालक संघटनेची नियमावली त्यांनी फार उशिरा, तपासणीची मुदत संपायला दोन दिवस असताना हाती दिली. पुढच्या अंगणात काय लावायचे, दाराला कोणता रंग द्यायचा, गाडी कोठे उभी करायची, हे सर्व ती संघटना ठरवते आणि दरमहा वर्गणीही घेते. ही नियमावली पहिल्या आठवड्यातच मागून घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगेन. आमच्या तुळशी वृंदावनाला पुढच्या अंगणात परवानगी नाही, हे आम्हाला सही होण्याच्या आदल्या दिवशी कळले आणि सौभाग्यवती त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चँडलरच्या पश्चिम भागातील ते उत्तराभिमुख घर जूनमध्ये ताब्यात आले. वृंदावन आता मागच्या दक्षिणेकडील ओसरीत आहे. जुलैमध्ये मुलीने दुपारी साडेचार वाजता फोन लावून कॅमेरा तिकडे वळवला, तेव्हा ओसरीत सावली होती आणि तुळशीला नवी मंजिरी आलेली होती.