हाय बोनेट की जोंगा? नागपुरातून बघितलं तर

जुनी फोर-बाय-फोर उभी करायची म्हटलं की नागपुरात बोलणं शेवटी दोन नावांवर येऊन थांबतं. एक महिंद्राची हाय बोनेट, म्हणजे सीजे-थ्री-बी जीप, आणि दुसरी सैन्यातली जोंगा. महायुद्धातल्या लो बोनेट जीपचंही नाव निघतं, पण तिच्या नादी लागलेल्यांना तुलना वाचायची गरज नसते. बोल्टच्या डोक्यावर ती बनवणाऱ्या फोर्ड कंपनीचा ‘एफ’ आहे की नाही हे भिंग लावून बघणारी ती माणसं. त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

मी दोन्हींवर हात काळे केले आहेत. हाय बोनेट मामेभावाची, काटोलच्या संत्र्याच्या बागेतून बाहेर काढलेली. जोंगा माझी स्वतःची. त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ आहे असा दावा नाही.

कोण किती चढते, कोण चिखलातून निघते, यावर बोलत नाही. दोन्ही निघतात. खरा प्रश्न गाडी उघडी पडल्यानंतरचा आहे: सुटे भाग.

इथे हाय बोनेट सहज जिंकेल असंच कुणालाही वाटेल. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली, महिंद्राने मात्र इथे पुढेही कितीतरी वर्षं बनवली. विदर्भात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, तिचं इंजिन खोललेला एखादा जुना मिस्त्री सापडतोच. ग्रिल, बोनेट, मडगार्डच काय, पंजाब-हरियाणाकडून अख्खी बॉडी नवी येते. नागपूरजवळच्या वाडी गावात ट्रकवाल्यांच्या दुकानांतसुद्धा जीपचं काही ना काही पडलेलं असतं. ‘मिळत नाही’ हे उत्तर या गाडीसाठी मी जवळजवळ ऐकलंच नाही.

ऐकलं ते वेगळंच: ‘लग जाएंगा भाऊ.’

या एका वाक्याने माझा निकाल लावला, म्हणून त्यावर जरा थांबतो. ट्रान्सफर केसचं, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं, उदाहरण घ्या. जीपमधला स्पायसर अठरा हा ट्रान्सफर केस बाहेरून सगळा सारखाच दिसतो. पण त्याच्या आतला इंटरमीडिएट शाफ्ट काळानुसार तीन जाड्यांत आला: आधी पाऊण इंच, मग एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मग सव्वा इंच. गिअर आणि नीडल बेअरिंग त्या जाडीवर ठरतात. मामेभावाच्या गाडीत मधल्या जाडीचा शाफ्ट निघाला. आम्ही जुना गिअर हातात घेऊन दुकानात गेलो. खोक्यावर गाडीचं नाव बरोबर, चित्र बरोबर, दातेही बरोबर. घरी येऊन बघतो तर भोक सव्वाच्या शाफ्टचं. परत गेलो तर सल्ला मिळाला, ‘शाफ्ट भी सव्वा का डाल दो, लग जाएंगा.’ तसा तो लागतोही, पण त्यासाठी केसचं भोक बोअर करून मोठं करावं लागतं. म्हणजे चुकीच्या गिअरपायी धडधाकट केस बिघडवायची.

बोल्टचीही तीच गत. जीपचे आटे इंचाच्या मापाचे, यूएनएफ नावाचे बारीक आटे. समोरून मेट्रिक बोल्ट मिळतो, एक-दोन आटे गुपचूप चढतो आणि मग अडकतो. तिथे पान्याला जोर दिला की आतले आटे गेले. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, पण आम्हाला दोन्ही बाजूंसाठी एकाच आट्याचे स्टड बांधून मिळाले. नव्या बोनेटचा पत्रा हाताला पातळ लागला आणि ते एका कडेला बोटभर उघडंच राहिलं. ठोकून बसवता येतं, नाही असं नाही. पण ठोकूनच बसवायचं होतं तर जुनंच काय वाईट होतं?

दुकानदार फसवतो असं मला म्हणायचं नाही. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं गाडी चालती करायला येतात, तिच्या सालाप्रमाणे करायला नाही. शिवाय एकाच नावाखाली इतक्या वर्षांचे फेरफार जमा झालेत की तोही काय करणार. त्रास एवढाच की ‘नाही’ ऐकलं तर माणूस पुढच्या दुकानात जातो. ‘लग जाएंगा’ ऐकलं की पैसे देतो, घरी येतो, रविवार घालवतो आणि मग त्याला कळतं. पैशांपेक्षा मला ते रविवार जास्त लागले.

जोंगाचं सगळंच उलटं. निसानच्या पट्रोल पी-साठ या मॉडेलवरून जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून १९९९ पर्यंत बनलेली ही गाडी. कारखाना एक आणि मुख्य गिऱ्हाईकही एकच, ते म्हणजे सैन्य. त्यामुळे फेरफार कमी, आणि पार्ट मिळत नाही तेव्हा तो सरळ मिळतच नाही. जबलपूरच्या कबाड्यांकडे ‘अगले महीने पूछ लेना’ हे उत्तर पाठ झालंय मला. वॉटर पंपापायी माझी गाडी अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली उभी होती. पण मिळाला तेव्हा ग्रीस माखून मेणकागदात गुंडाळलेला, नंबराची चिठ्ठी बांधलेला. तो नंबर जुळवला, पंप बसवला, काम संपलं. हे सुख हाय बोनेटने मला क्वचितच दिलं.

जबलपूर नागपूरहून सिवनीमार्गे पौणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पहाटे निघालं तर रात्री जेवायला घरी. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगता येणार नाही, म्हणून शीर्षकात नागपूर आहे. सैन्याच्या निसान वन-टन ट्रकलाही हेच सहा सिलिंडरचं इंजिन होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग शोधताना त्या ट्रकच्या भंगारातही डोकावायचं. बुश वगैरे हिंगणा एमआयडीसीत नमुन्यावरून लेथवर नीट निघतात. गॅस्केट आणि रबर मी ऑस्ट्रेलियातून मागवले, तिथे ही निसान पट्रोल भरपूर विकली गेली होती. १९६२ मध्ये तिथलं सिम्पसन वाळवंट मोटारीने पहिल्यांदा ओलांडलं ते रेग स्प्रिग या भूवैज्ञानिकाने, याच साठ मालिकेतल्या निसान पट्रोलने. आपल्या मे महिन्यात ही गोष्ट आठवली की जरा धीर येतो. माझा अनुभव म्हणाल तर दुपारच्या उन्हात नळीतल्या इंधनाची वाफ होऊन बंद पडायची खोड हाय बोनेटला जास्त दिसली, जोंगाला कमी. आता ते दोन गाड्यांचं दैव असेल, सगळ्यांना लागू पडेल असं नाही.

जोंगाचे तोटे लपवत नाही. लिटरला पाचच्या वर ती माझ्याकडे कधी गेली नाही. तयार पत्रा मिळत नाही, डेंटरकडून हाताने घडवून घ्यावा लागतो, आणि असे डेंटर आता थोडेच उरलेत. गल्लीत ती दोघांची जागा अडवते. इंधनपंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या मात्र दोन्ही गाड्यांत बदलाव्याच लागतील, आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही.

कागदांचं थोडक्यात. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते. नवी नोंदणी २० हजार रुपयांची, दहा वर्षांसाठी, पण त्या पाटीवर रोजची ये-जा करता येत नाही. डिझेल इंजिन बसवलेल्या हाय बोनेट आपल्याकडे पैशाला पासरी, आणि इंजिन बदललेली गाडी मूळ स्वरूपातली ठरत नाही. सैन्याच्या लिलावातून आलेल्या जोंगाची अडचण निराळी: आरसीवरची नोंदणी लिलावानंतरची असते. पन्नास वर्षं कुठून मोजायची हे पैसे देण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

येत्या हिवाळ्यात मुलांना घेऊन पेंचकडे चक्कर मारायची असेल, आणि गाडी ‘अगदी तशीच’ असायचा हट्ट नसेल, तर हाय बोनेट घ्या. मामेभाऊ तिच्यावर खूष आहे, आणि लोकांच्या माना वळतात त्या तिच्याकडेच. पण थांबायची तयारी असेल आणि ‘नाही’ ऐकून रात्री झोप लागत असेल, तर मी जोंगाकडे बोट दाखवीन.

बघायला जाल तेव्हा आधी खाली वाकून चासीला कुठे वेल्डिंग केलंय का ते पाहा. डिझेल बसवलेली निघाली तर मूळ पेट्रोल इंजिन सोबत मिळतंय का ते विचारा, खराब असलं तरी चालेल. ते नसेल, तर भाव कितीही खाली येवो, मी तरी ती गाडी सोडून देईन.