'सिव्हिलायझेशन ६'मधला माली : मुलांना किती शिकवतो, कुठे कमी पडतो

पश्चिम आफ्रिकेतलं मध्ययुगीन मालीचं साम्राज्य कशावर श्रीमंत झालं हे मुलांच्या गळी उतरवायला 'सिव्हिलायझेशन ६' या संगणकावरच्या डावपेचांच्या गेमइतकं चांगलं साधन क्वचितच मिळेल. मात्र नुसता गेम लावून दिला तर हाती फारसं काही लागत नाही. आधी एक लक्षात घ्या, माली मूळ गेममध्ये नाही. त्यासाठी २०१९चा 'गॅदरिंग स्टॉर्म' हा विस्तार घ्यावा लागतो.

खरा धडा नियमांत आहे. शहराच्या केंद्राला लागून असलेल्या प्रत्येक वाळवंटी टाइलमागे (नकाशावरच्या चौकटीमागे) १ अन्न आणि १ फेथ (श्रद्धेचे गुण) मिळतं. खाणीचं उत्पादन १ने घटतं, पण सोनं ४ने वाढतं. इमारती आणि सैन्य उभारायचा वेग ३० टक्के कमी. त्यामुळे सुरुवातीला सगळं रखडतं आणि मुलं कंटाळतात. अशा वेळी त्यांना सांगायचं, इथे बांधत बसायचं नाही, विकत घ्यायचं. 'करन्सी' (चलन) हे तंत्रज्ञान शोधलं की 'सुगुबा' हा बाजारविभाग उभारता येतो आणि त्या शहरातली खरेदी २० टक्के स्वस्त होते. बांबुक आणि बुरे या खाणींच्या प्रदेशांतल्या सोन्यावर उभं राहिलेलं राज्य कसं चालत असेल, ते मूल स्वतःच्या निर्णयांतून शिकतं.

गाडी अडते ती तांड्यांपाशी. 'फॉरेन ट्रेड' (परदेशी व्यापार) हा टप्पा मिळताच पहिला व्यापारी मार्ग खुला होतो. निघणाऱ्या शहराच्या हद्दीतल्या प्रत्येक सपाट वाळवंटी टाइलमागे १ सोनं जादा मिळतं, टेकड्या यात धरत नाहीत. पण हे फक्त परराज्याशी व्यापार केला तरच, आणि जमिनीवरून मार्गाचा पल्ला सुरुवातीला १५ टाइल. शेजारी त्याहून लांब असला की मुलं आपल्याच दोन शहरांत तांडे फिरवत राहतात आणि मालीची खासियत दिसतच नाही. म्हणून 'पँजिया' (एकच मोठा भूखंड असलेला) नकाशा निवडा आणि दुसरं शहर शेजाऱ्याच्या दिशेला वसवा. वेग 'ऑनलाइन' ठेवा, म्हणजे डाव २५० चालींचा होतो.

लहान मुलांसाठी रानटी टोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा. मालीचं खास मांडेकालू घोडदळ ४ टाइलच्या आतल्या तांड्यांना जमिनीवर लुटू देत नाही, आणि मालीतल्या वाटा सुरक्षित असल्याचं चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानेही नोंदवलं आहे. लुटीची भीतीच नसेल तर त्या घोडदळाचं मोल कळत नाही.

सगळ्यात मोठी उणीव मिठाची. गेममध्ये मीठ ही निव्वळ चैनीची वस्तू आहे. इब्न बतूता १३५२मध्ये तगाझा या सहारातल्या मिठाच्या खाणींच्या गावी गेला तेव्हा तिथली घरंसुद्धा मिठाच्या ठोकळ्यांची होती. मिठाचं एक ओझं वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या वलाताला ८ ते १० मिस्कालला (सोन्याच्या वजनाचं माप) जाई, तेच माली शहरात २० ते ३०ला, कधी ४०लाही. हे आकडे कागदावर मांडून मधला फरक कुणाकुणाच्या खिशात जात असेल, ते मुलांनाच शोधू द्या. उंट, पाणी, वाटाडे, वाटेतला धोका, सगळं आपोआप पुढे येतं. या तांड्यांबरोबर गुलाम माणसंही नेली जात. गेम त्यावर गप्प आहे, मोठ्या मुलांना ते सांगायलाच हवं.

जेली म्हणजे गाथा गाणारे परंपरागत गायक. त्यांचं नाव गेममधल्या मालीच्या एका क्षमतेला दिलं आहे, पण तिचा परिणाम अन्न, फेथ, उत्पादन आणि सोन्यापुरताच. मालीचा संस्थापक सुंजाता याची गाथा ज्यांनी पिढ्यानपिढ्या तोंडी जपली, त्यांचं काम खेळात कुठेच नाही. ही उणीव फार खटकते. 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या 'आफ्रिकन किंगडम्स'मध्ये सुंजाताची मोहीम आहे, ती जोडीला चालेल, पण तिच्यात भर लढायांवरच.

डाव इ.स.पू. ४०००पासून सुरू होतो, त्यामुळे काळाचा गोंधळ ठरलेला. शेजारी एक पट्टी लावा : १२३५च्या सुमारास सुंजाताने जिंकलेली किरिनाची लढाई, १३२४ मालीचा सम्राट मन्सा मूसाची हजयात्रा, १४६८ सोन्नी अलीने टिंबक्टू घेतलं, १५९१ तोंदिबीची लढाई, जिच्यात मोरोक्कोने सोंघायला हरवलं. शेवटच्या दोन घटना मालीनंतर प्रबळ झालेल्या सोंघायच्या आणि हे राज्य या गेममध्ये नाही, त्यामुळे त्या पट्टीवरूनच शिकवाव्या लागतील. गेममधलं मध्ययुग संपलं की डाव थांबवा. पुढे येणाऱ्या विमानांचा आणि अणुबॉम्बचा या विषयाशी संबंध नाही.