चिमटा, काठी आणि दुसरा प्रेसिडेंट: फिलाडेल्फियातली एक वॉकिंग टूर

पाचपैकी साडेतीन स्टार. चार देणार होतो, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

टूर आहे अमेरिकेच्या दुसऱ्या प्रेसिडेंटच्या, जॉन अ‍ॅडम्सच्या काळावर, म्हणजे १७९७ ते १८०१. वॉशिंग्टन आणि जेफरसन या दोन बड्या नावांच्या मधे चेंगरलेला प्रेसिडेंट, त्याच्यावर कोण दोन तास चालायला येणार असं वाटलं होतं, पण आम्ही अकरा जण होतो. माणशी ३५ डॉलर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार आहे आणि चालवणारी मंडळी दोन-तीनच आहेत, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको.

सुरुवात मार्केट स्ट्रीटवर, बेंजामिन फ्रँकलिनचं घर जिथे होतं त्या आवारात. इथेच पहिली तक्रार. कानात घालायला दिलेलं ते यंत्र नुसतं खरखरत होतं आणि बस गेली की गाईडचं अर्धं वाक्य बसबरोबर जायचं. शेवटी मी ते काढून खिशात टाकलं आणि काकांना चिकटून चालायला लागलो. काका म्हणजे गाईड, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, सांगायची पद्धत अशी की जणू कालच मीटिंगला हजर होते.

फ्रँकलिनच्या नातवाची गोष्ट त्यांनी इथेच सांगितली. हा बेंजामिन फ्रँकलिन बेश 'अरोरा' नावाचा पेपर छापायचा आणि अ‍ॅडम्सला रोज सोलून काढायचा. तेव्हा फ्रान्सशी समुद्रात जवळजवळ लढाईच चालू होती, त्यात अमेरिकेच्या राजदूतांकडे फ्रेंचांनी बोलणी सुरू करायचेच पैसे मागितले, झालं, सगळा देश पेटला आणि त्या वातावरणात अ‍ॅडम्सच्या फेडरलिस्ट पक्षाने १४ जुलै १७९८ ला सेडिशन अ‍ॅक्ट आणला. सरकारची खोटी बदनामी केली तर २००० डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. बेशला तर कायदा व्हायच्या आधीच पकडलं होतं, खटला उभा राहायच्या आत सप्टेंबरमध्ये यलो फीव्हरने गेला, वय २९.

आता मजा बघा. कायद्यात प्रेसिडेंटला संरक्षण, काँग्रेसला संरक्षण, व्हाइस प्रेसिडेंटचं नावच नाही! कारण व्हाइस प्रेसिडेंट होता जेफरसन, म्हणजे विरोधी पार्टीचा. तेव्हा नियमच असा होता की जास्त मतं ज्याला तो प्रेसिडेंट, दुसरा नंबर व्हाइस. अ‍ॅडम्सला ७१, जेफरसनला ६८, आणि दोघांनी एकत्र सरकार चालवायचं. घटना लिहिणाऱ्यांनी पक्ष निघतील हे धरलंच नव्हतं असं काका म्हणाले. वर कायद्याची मुदत बरोब्बर अ‍ॅडम्सच्या टर्मच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे उद्या सत्ता गेलीच तर तोच दांडका आपल्या डोक्यात नको.

दंड कुणाकुणाला झाला तर न्यूअर्क गावात एका दारुड्याला. अ‍ॅडम्स गावातून गेला म्हणून तोफा उडत होत्या आणि हा बोलून गेला की तोफ त्याच्या ढुंगणात उडवली तरी माझं काही जात नाही. दीडशे डॉलर! आमच्या ग्रुपमधली एक मुलगी एवढी हसली की रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

मग आम्ही सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आलो, प्रेसिडेंटचं घर होतं तिथे, कारण तेव्हा राजधानी फिलाडेल्फियाच होती. वॉशिंग्टन आणि अ‍ॅडम्स दोघंही इथे राहिले. घर कधीच पाडलंय, आता नुसती चौकट उभी आहे. आणि इथे, माझा अर्धा स्टार जिथे गेला तिथे, आम्ही थांबलो मोजून आठ मिनिटं! पुढचा स्लॉट चुकेल म्हणून काका घाईत. अहो, याच घरात वॉशिंग्टनने नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने सलग राहिलेला गुलाम स्वातंत्र्य मागू शकत होता, म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. त्यांच्यातलीच एक, ओना जज, मे १७९६ मध्ये मालक जेवायला बसलेले असताना बाहेर पडली ती परत आलीच नाही. अ‍ॅडम्सने आयुष्यात गुलाम ठेवला नाही, मग या दोन भाडेकरूंची तुलना हाच तर टूरचा सगळ्यात भारी भाग झाला असता, पण तो दोन वाक्यांत उरकला. मी विचारायला गेलो तर 'चालता चालता सांगतो' आणि मग सिग्नल सुटला.

काँग्रेस हॉलने, म्हणजे तेव्हा जिथे संसद भरायची त्या इमारतीने, मात्र भरपाई केली. बाहेर झाडाखाली काकांनी पिशवीतून १७९८ च्या एका व्यंगचित्राची प्लास्टिक चढवलेली कॉपी काढली. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याच्या हातात शेकोटीचा चिमटा, आणि मागची मंडळी हसतायत. चिमटेवाला मॅथ्यू लायन, व्हरमाँटचा. काठीवाला रॉजर ग्रिसवोल्ड, कनेक्टिकटचा. दोघंही काँग्रेसचे मेंबर. जानेवारीत ग्रिसवोल्डने लायनला सैन्यातल्या लाकडी तलवारीवरून, म्हणजे भित्रेपणावरून, टोमणा मारला, लायन सरळ तोंडावर थुंकला, त्याला काढून टाकायचा ठराव ५२ विरुद्ध ४४ म्हणजे दोन तृतीयांशाला कमी पडला, आणि मग १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड काठी घेऊन आला. भर सभागृहात.

हे ऐकून आत गेलो तर खोली बघून धक्काच बसला. एवढीशी! अर्धगोलात बाकं, शेवटच्या रांगेतून पुढच्याचा कॉलर दिसेल इतकं जवळ. याच खोलीत ४ मार्च १७९७ ला अ‍ॅडम्सने शपथ घेतली, वॉशिंग्टन समोर बसलेला, आणि अ‍ॅडम्सने बायकोला पत्रात लिहिलं की त्याचा चेहरा जणू म्हणत होता, मी सुटलो, तू अडकलास, बघू कोण सुखी होतं.

लायनची गोष्ट काकांनी बाहेर येऊन पूर्ण केली. अ‍ॅडम्सवर टीका केली म्हणून त्याच सेडिशन अ‍ॅक्टखाली चार महिने जेल आणि १००० डॉलर दंड, जेलमधूनच इलेक्शन लढला आणि जिंकला. मग १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा अ‍ॅरन बर, दोघांना ७३-७३, अ‍ॅडम्स ६५ वर तिसरा, टाय सोडवायला हाउसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात मतदान, दर राज्याला एक मत. ३५ फेऱ्या होऊनही निकाल नाही. १७ फेब्रुवारी १८०१, छत्तिसावी फेरी, व्हरमाँटचा दुसरा मेंबर बाजूला झाला आणि राज्याचं मत टाकायला उरला कोण, तर लायन! त्याने जेफरसनला टाकलं. (तेव्हा राजधानी वॉशिंग्टन शहरात गेली होती, त्यामुळे ही खोली ती नाही, काकांनी दोनदा बजावलं.)

अ‍ॅडम्स नव्या प्रेसिडेंटच्या शपथेला न थांबता पहाटे चारला निघून गेला यावर ग्रुपमध्ये बराच वाद झाला, आणि दोन तासांची टूर अडीच तास चालली, जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

बुक करायची तर सकाळची करा, आणि प्रेसिडेंटच्या घराच्या जागेवर आधीच अर्धा तास एकटे जाऊन या. मी संध्याकाळी परत गेलो होतो. त्या मोकळ्या चौकटीत उभं राहून ओना जज कुठल्या दाराने बाहेर पडली असेल ते शोधत बसलो.